मागच्या पायातली कळ

दूधवाला आला, पिशवी कडीला अडकवून गेला, आणि घर गप्पच राहिलं. मी गॅसवर चहाचं आधण ठेवलेलं. एरवी तो खालच्या जिन्यात असतानाच आमच्या दाराशी भुंकणं सुरू व्हायचं, म्हणून मी हॉलमध्ये डोकावले.

कुत्री तिच्या गोधडीवर बसलेली होती. पुढचे दोन्ही पाय ताठ, नजर माझ्यावर.

"काय गं, आज सुट्टी का?" मी म्हटलं.

ती माझ्याकडे यायला निघाली. पुढचे पाय चालले आणि मागचं अर्धं अंग फरशीवरून घसटत आलं, ओल्या पोत्यासारखं. ती थांबली. मान वळवून स्वतःच्या मागच्या पायांकडे तिने बघितलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. मग पुन्हा ओढत यायला लागली. ओरडली नाही. कण्हलीसुद्धा नाही.

आमची कुत्री अर्धी डॅशहुंड, अर्धी गावठी. आई एका बंगल्यातली, बाप मानपाड्याच्या जुन्या गावातला, कुणाचाच नसलेला. पिल्लू होती तेव्हा मला ती खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने आणून दिली. ही शेजारीण त्याच गावातली, आगरी, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. "आईची पाठ घेतलीय नि बापाचं डोकं," ती म्हणाली होती, आणि ते अगदी खरं निघालं. लांबलचक धड, आखूड वाकडे पाय, एक कान उभा आणि एक पडलेला, रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा. डोकं मात्र पूर्ण रस्त्यावरचं. अनोळखी माणसाच्या हातून खायची नाही. घरात कोण आलं, कोण गेलं याचा हिशोब तिच्याकडे पक्का. आणि दुखलं-खुपलं तर आवाज नाही. एकदा पंजात काच घुसली होती. फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा मला कळलं.

घरात माणसं दोनच, मी आणि माझे सासरे. नवरा जहाजावर असतो, वर्षातले बरेच महिने समुद्रात. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. ते निवृत्त शिक्षक, बोलणं स्वच्छ आणि मोजकं. आदल्या वर्षी बाथरूममध्ये पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, मग कित्येक महिने अंथरुणावर. नंतर वॉकर घेऊन घरातल्या घरात चालायला लागले, पण घराबाहेर पाऊल टाकलं नाही. तीन मजले, लिफ्ट नाही. कुत्रीला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "ती लांबुडकी" म्हणायचे. हात लावलेला मी पाहिला नव्हता.

कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. तिच्या लसी, जंतांची औषधं, नखं कापणं, सगळं त्यांच्याकडेच असायचं. ते दवाखाना उघडायच्या आधी वर आले. हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून त्यांनी तिच्या पाठीवरून बोटं फिरवली, मागचा पंजा उलटा करून जमिनीवर ठेवला. तो तसाच उलटा राहिला.

"मणक्यातली गादी सरकलीय," ते म्हणाले. "लांब पाठीच्या कुत्र्यांना होतं हे. उडी मारली का कुठून?"

"नाही हो. काल रात्री नीट जेवली, झोपली."

"होतं असंही. हे माझ्या हातातलं नाही. ठाण्याला नौपाड्यात एक डॉक्टर आहेत, मणक्याचं त्याच बघतात. आजच न्या, आत्ता. पाठ वाकू देऊ नका, फळीवर ठेवून न्या." ते उठले, आणि जरा थांबून म्हणाले, "आणि फारच त्रास व्हायला लागला, तर शेवटचं इंजेक्शन असतं. त्यात वाईट वाटून घेऊ नका."

बाबा त्यांच्या खोलीच्या दारात वॉकर धरून उभे होते. मला माहीतच नव्हतं.

"ते द्या," ते म्हणाले.

"काय बाबा?"

"शेवटचं इंजेक्शन. डॉक्टर, तुमच्याकडे असेल तर आत्ताच द्या."

"बाबा, काय बोलताय तुम्ही?"

"मी काय बोलतोय ते मला माहीत आहे. पाठीवर पडून राहणं काय असतं, हे या घरात मला एकट्याला ठाऊक आहे. तिला तरी सोडव."

डॉक्टरांनी बॅग उचलली आणि माझ्याकडे न बघता ते जिना उतरले. मी कपाटातल्या एका कप्प्याची फळी ओढून काढली. घाईत आतल्या साड्या खाली पडल्या, त्या मी तशाच ठेवल्या. डोक्यात ते "तरी" घुमत होतं. तिला तरी. म्हणजे त्यांना आम्ही सोडवलं नव्हतं. मी वर्षभर त्यांची पथ्यं सांभाळली, कूस बदलली, बेडपॅन उचलली, आणि ते बरे झाले असं सगळ्यांना सांगत आले. हा माणूस त्या खोलीत काय मागत पडून होता?

विचारायला वेळ नव्हता, किंवा मला तसं वाटलं. फळीवर चादर, चादरीवर ती, ओढणीने सैलसर बांधली. खालच्या जिन्यात शेजारीण भेटली. सकाळची शाळेची फेरी आटपून येत होती.

"काय झाला गो हिला?"

मी सांगितलं. तिने व्हॅनची चावी पुन्हा मुठीत घेतली. "चल, गारीन बस बेगीन."

"तुझी दुपारची मुलं?"

"बघते मी. तू बस."

कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोच्या खांबांचं काम चाललेलं. दोन्ही बाजूंना पत्रे ठोकलेले, मधल्या चिंचोळ्या पट्टीत कंटेनर, डंपर, रिक्षा. काही वेळ आम्ही सरकलो, मग थांबलो ते थांबलोच. शेजारणीने फोन करून दुसऱ्या एका व्हॅनवालीला दुपारच्या मुलांचं सांगितलं. मी मागच्या सीटवर फळी मांडीवर धरून बसले होते. गाडी खड्ड्यात गेली की मी फळी हवेत उचलून धरायची, म्हणजे धक्का माझ्या कोपरांना बसेल. कुत्री माझ्याकडे एकटक बघत होती. ती धापा टाकत होती, आणि तेवढी एकच खूण होती की तिला काही होतंय.

"शीळफाट्यापर्यंत असंच आहे," शेजारीण आरशातून म्हणाली. "पुढे बायपासला मी दाबते. घट्ट धर."

नौपाड्यात पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. दवाखाना एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, समोर उभं राहायला जागा नाही. शेजारणीने रस्त्यातच व्हॅन थांबवली. मागचे हॉर्न वाजवत राहिले आणि आम्ही दोघींनी फळी आत नेली.

या डॉक्टर साठीच्या, कृश, केस मागे घट्ट बांधलेले. माझं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग ड्रॉवरमधून दातेरी तोंडाचा एक लांब चिमटा काढला.

"आता मी तिला दुखवणार आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही तोंडाकडे बघा. पायाकडे नाही, तोंडाकडे."

त्यांनी डाव्या मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरून दाबलं. पाय मागे आखडला.

"हलला! पाय हलला!" मी ओरडलेच.

"ते धरायचं नाही. पाय आपोआप आखडतो, त्याला डोकं लागत नाही. कळ वरपर्यंत पोचतेय का, ते बघायचंय. तोंड बघा."

पुन्हा दाबलं. कुत्रीने ओठांवरून जीभ फिरवली. उभा कान मागे गेला.

"हां. डाव्यात आहे." मग उजवा. पाय आखडला. तोंड तसंच. डॉक्टरांनी आणखी जोर लावला. कुत्री भिंतीकडे बघत राहिली, आणि मग अगदी हलकं, मला भास व्हावा इतकं, तिने डोळे बारीक केले.

"उजव्यात अंधुक आहे. ही ओरडत नाही का कधी?"

"नाही. बाप गावठी होता."

"मग कठीण आहे," त्या म्हणाल्या. "आपल्याला तिची कळच तर मोजायची आहे."

त्यांनी मला नीट समजावलं. कळ आहे तोवर औषधं आणि पूर्ण विश्रांती यांवर बरं होण्याची बरीच आशा. कळ गेली तर तातडीने मुंबईला ऑपरेशन, आणि त्यात उशीर झाला तर ऑपरेशनचाही फारसा उपयोग नाही. उद्या संध्याकाळपर्यंत दर काही तासांनी घरी तपासायचं. त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला. मग टेबलावरच माझे तळवे तिच्या पोटाखाली दोन्ही बाजूंनी ठेवून, मूत्राशय कुठे लागतं, लिंबाएवढं झालं की कसं हळूहळू दाबून रिकामं करायचं, ते शिकवलं. तिला ते आता स्वतःहून जमणार नव्हतं. जाळीचा पिंजरा त्यांच्याकडचाच दिला; आत वळता यावं, पण उडी मारता येऊ नये, एवढाच.

"घरात फरशी कसली आहे?"

"गुळगुळीत टाइल्स."

"तिथे नाही चालणार. घसरली तर सगळं फुकट. खाली रबर हवं."

रबरी मॅट आमच्या घरात एकाच खोलीत होत्या. बाबांच्या.

पिंजरा मी त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी लावला तेव्हा ते भिंतीकडे कूस करून झोपले. संध्याकाळी त्यांनी जेवणही हॉलमध्येच घेतलं. नवऱ्याचा फोन तुटक लागला. "तू तिथे आहेस, तू ठरव," तो म्हणाला, आणि मग नुसती खरखर. बाबांचं बोलणं मी त्याला सांगितलं नाही. भर समुद्रात तो त्याचं काय करणार होता?

झोपण्याआधी तपासलं, पहाटे तपासलं. डाव्या पायाला जीभ फिरली. उजव्याला काहीच दिसलं नाही. पण उजवा आधीपासूनच संशयाचा, म्हणून मी स्वतःला समजावलं. ऑफिसला रजा टाकली. दर वेळी तिच्या बोटाला चिमटा लावायचा आणि मनात म्हणायचं, ओरड गं, एकदा तरी ओरड. सात वर्षं जिला जपलं, तिला दुखावं म्हणून मी आशेने बघत होते.

दुपारी डाव्या पायाचंही काही दिसेना.

पुन्हा दाबलं. जीभ नाही, कान नाही. ती पिंजऱ्यात हनुवटी टेकून पडली होती आणि तिचे डोळे माझ्यावरून पलीकडे कुठेतरी. मी डॉक्टरांना फोन लावला.

"नीट दाबलंत का? हाडापर्यंत?"

"दाबलं." मग म्हटलं, "नाही. माहीत नाही. माझ्या हाताला जोरच येत नाहीये."

"मग ती तपासणी झालीच नाही. दुसऱ्या कुणाला सांगा. खात्री करून मला लगेच कळवा. खरंच गेली असेल तर तुम्हाला आत्ता निघावं लागेल, मी पुढे फोन करून ठेवते."

शेजारीण दुपारच्या फेरीवर होती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा दवाखाना दुपारी बंद, फोन लागेना. मी पिंजऱ्यासमोर चिमटा धरून बसले होते, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बोटं सैल पडली. मला रडू फुटलं.

"आण इकडे."

बाबा पलंगावर उठून बसले होते.

"बाबा, तुम्ही नको."

"आण म्हणतो ना. आणि तिला बाहेर काढ, फळीसकट. इथून माझा हात पोचणार नाही."

मी तिला फळीवर घेतलं आणि त्यांच्या गुडघ्यांसमोर धरलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, डावा पंजा हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिला हात लावला असेल. बोटं एकेक करून चाचपली, मधलं निवडलं, चिमटा लावला. मग श्वास घेऊन सगळा जोर एकवटून दाबला. त्यांच्या मनगटावरच्या शिरा वर आल्या.

ती पुढच्या अंगाने कमानीसारखी वळली आणि त्यांच्या मनगटाला चावली.

दुखल्याचा तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, लहान मुलासारखा, चिरका. मी घाबरून फळी मागे घेतली. बाबांची कातडी आता पातळ झालेली. मनगटावर दोन ठिकाणी रक्त आलं आणि झब्ब्याच्या बाहीवर पसरायला लागलं.

"बाबा, रक्त!"

"अगं रक्ताचं सोड!" ते ओरडले. मास्तर असतानाही इतक्या मोठ्याने ओरडले असतील का कुणास ठाऊक. "लागलं तिला! कळलं! बघितलंस ना तू? चावली ती मला! फोन लाव, फोन लाव डॉक्टरांना!"

"आधी हात धुवा."

"आधी उजवा पाय. टॉवेल दे मला."

हाताला टॉवेल गुंडाळून त्यांनी उजव्या पायालाही चिमटा लावला. ती चावली नाही, पण मान वळवून गुरगुरली, दात दाखवून. मी फोनवर सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "छान. औषधं चालू ठेवा. आणि ज्यांना चावली, त्यांचा हात साबणाने भरपूर वेळ धुवा नि इंजेक्शन घ्या. तिच्या लसी झाल्या असल्या तरी."

हे सगळं लगेच सोपं झालं असं नाही. पुढचे आठवडे आम्ही दोघं पिंजऱ्याभोवतीच जगलो. दिवसातून चार वेळा मूत्राशय रिकामं करायचं, कूस बदलायची, खालची चादर ओली झाली की लगेच बदलायची, नाहीतर कातडी लाल होते. मी ऑफिसला जायला लागल्यावर दुपारची पाळी बाबांनी मागून घेतली. शेजारीण फेरी आटपून वर यायची, तिला फळीवर काढून द्यायची, आणि दाबायचं काम बाबा करायचे. मध्ये लघवीत रक्त आलं, ताप चढला, तिने खाणं सोडलं. तीन दिवस आम्हाला वाटत होतं की मणका राहिला बाजूला आणि कुत्री या दुसऱ्याच दुखण्याने जाणार. बाबा भात कालवून, बोटावर घेऊन तिच्या नाकाशी धरून बसायचे. ती मान फिरवायची. तेही हट्टी. तासभर बोट तसंच.

त्या तापाच्या दिवसांतलीच ती संध्याकाळ. मी चादर बदलत होते. बाबा पलंगावरून बघत होते.

"त्या सकाळी मी जे बोललो," ते म्हणाले, "ते तिच्याबद्दल नव्हतं."

"ठाऊक होतं मला."

"मग विचारलं का नाहीस?"

मी चादरीचं टोक खोचत राहिले. "तुम्ही हो म्हणाला असतात तर?"

"हो म्हणालोच असतो. तेव्हा रोज वाटायचं. तू यायचीस, पुसायचीस, हसून बोलायचीस, आणि मला वाटायचं, हिला कधी सुट्टी मिळणार. तुला सांगण्यासारखं नव्हतं ते."

"आता?"

त्यांनी वाटीतला भात पुन्हा कालवला. "आता हिला भात खायला घालायचाय," असं म्हणून त्यांनी बोट पुन्हा जाळीतून आत घातलं.

ताप उतरला. मग एकदा बाबांनी मला हाक मारून बोलावलं. ते तिच्याशी बोलायला लागले की तिच्या शेपटीचं टोक हलतं, असं त्यांचं म्हणणं. मी बोलून पाहिलं, हललं नाही. त्यांनी हाक मारली, हललं. शेपटी आपोआप अशी हलत नाही, डॉक्टर फोनवर म्हणाल्या, हे डोक्यातून आलेलं आहे. नंतर पोटाखालून टॉवेलची झोळी घालून तिला उभं करायला लागलो. मी झोळी धरायची, बाबा समोर वॉकरवर उभे राहून तिला बोलावायचे, "ये, लांबुडके, ये." मागचे पाय आधी लोंबायचे. मग टेकायला लागले. मग एकमेकांत अडकून का होईना, पुढे पडायला लागले. आणि एक दिवस झोळी माझ्या हातात सैल पडली आणि ती त्यांच्या वॉकरपर्यंत गेली.

ती आता चालते. मागचं अंग एका बाजूला झुकतं, वळताना पडते, उठते. जिना कायमचा बंद, उचलून न्यावं लागतं. वजन वाढू द्यायचं नाही, पट्टा गळ्यात नाही, छातीला. पाठीला मधूनच कंप सुटतो आणि आम्ही दोघं हातातलं टाकून तिच्याजवळ जातो.

शेवटच्या तपासणीला नौपाड्याला जायचं होतं, तेव्हा बाबा म्हणाले, "मीही येतो."

"तीन मजले आहेत बाबा."

"मोजलेत मी. त्या डॉक्टरांच्या तोंडून मला स्वतः ऐकायचंय."

कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ते उतरले. वॉकर आधीच खाली नेऊन ठेवून शेजारीण त्यांच्या पुढे उलटी उतरत होती, पडले तर धरायला. मी मागे कुत्रीला कडेवर घेऊन. मधल्या वळणावर त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि आम्ही सगळेच थांबलो. मी म्हटलं, परत जाऊ. त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढची पायरी घेतली.

डॉक्टरांनी तिला पॅसेजमध्ये चालवून पाहिलं, पंजे उलटे करून पाहिले. ती ते लगेच सरळ करत होती. "बरी आहे," त्या म्हणाल्या. "पण अशा पाठीत दुसरी गादी कधीही सरकू शकते. उद्या, नाहीतर कधीच नाही. ते मी सांगू शकत नाही."

"कुणाबद्दलच सांगता येत नाही," बाबा म्हणाले.

बाहेर आल्यावर शेजारीण व्हॅन आणायला गेली. बाबा म्हणाले, ती येईपर्यंत कोपऱ्यापर्यंत चालू या. मी नको म्हणणार होते. रस्ता अरुंद, एका बाजूला स्कूटर लावलेल्या, दुसरीकडून रिक्षा अंगावर येत होत्या. ते निघालेच. वॉकर पुढे, मग पाय, मग पुन्हा वॉकर. डाव्या बाजूला कुत्री, छातीच्या पट्ट्यावर, मागचा भाग डुलवत. मी दोघांच्या मध्ये जरा मागे, कधी यांच्या पायांकडे बघत, कधी तिच्या, एका हातात तिचा पट्टा, दुसरा हात पुढे करून. एक रिक्षावाला हॉर्न मारून ओरडला. बाबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कोपऱ्यावर पोचल्यावर ते थांबले. कपाळावर घाम होता.

"बस," ते म्हणाले. "आजच्यापुरतं."